झाडांमधला गोल्फ : पार्कलँड कोर्सबद्दल कोल्हापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात खेळ म्हटलं की तालीम आणि पेठांचा फुटबॉल. गोल्फचं नाव काढलं की आधी प्रश्न येतात. पाहुण्यारावळ्यांनी, शेजाऱ्यांनी, रानात काम करणाऱ्यांनी आणि शाळेतल्या पोरांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. माझं म्हणणं एवढंच की पार्कलँड कोर्स समजून घ्यायचा असेल तर काठ्या आणि गुण नंतर, आधी झाडं, गवत आणि पाणी बघावं. त्यातलं आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पुष्कळ कळतं, म्हणून हा खेळ आपल्याला परका वाटायचं काही कारण नाही.

पार्कलँड कोर्स म्हणजे नेमका कसला?

गोल्फचे जुने कोर्स स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, वाळूच्या उंचवट्यांवर होते. त्यांना लिंक्स म्हणतात. तिथे झाडं जवळजवळ नाहीत, वारा दांडगा आणि जमीन टणक, त्यामुळे चेंडू पडल्यावरही लांबवर घरंगळत जातो. पार्कलँड कोर्स समुद्रापासून आत, खेड्यापाड्यांच्या हिरव्या मुलखात असतो. मोठी झाडं, मऊ हिरवळ, मधूनच एखादा ओढा किंवा तळं. इथे चेंडू हवेतून न्यायचा आणि पडेल तिथे थांबवायचा, असा सगळा हिशेब असतो.

समुद्रकाठच्या हलक्या जमिनीत गवत मुळातच खुरटं राहायचं, उरलेलं मेंढ्या आणि ससे खायचे. आतल्या कसदार जमिनीत मात्र उन्हाळ्यात गवत एवढं माजायचं की चेंडू सापडायचा नाही. एडविन बडिंग या इंग्रज माणसाने १८३० साली गवत कापायचं यंत्र काढलं आणि पुढे ही यंत्रं सुधारत गेली, तेव्हा कुठे आतल्या मुलखात बारमाही खेळणं सोपं झालं.

जगातला सगळ्यात प्रसिद्ध पार्कलँड कोर्स अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल. गोल्फपटू बॉबी जोन्स आणि कोर्सचे रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी तो आखला आणि १९३३ मध्ये तो सुरू झाला. त्या जागेवर आधी फळझाडांची आणि शोभेच्या झाडांची रोपवाटिका होती. आजही तिथल्या अठराही होलना (होल म्हणजे चेंडू पाडायचा खळगा, आणि पहिल्या फटक्याच्या जागेपासून तिथपर्यंतची पट्टीही) झाडाझुडपांची नावं आहेत. सतराव्या होलच्या वाटेवर एक पाइन होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे चेंडू त्यात इतक्यांदा अडकायचे की त्यांनी तो तोडायची मागणी केली आणि क्लबने ती मानली नाही, असं सांगतात. ते झाड शेवटी २०१४ च्या हिमवादळात गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या शब्दापुढेही झाड राहतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भारतात हा खेळ कधीपासून आहे?

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटनबाहेरचा हा सगळ्यात जुना क्लब. दिल्लीच्या कोर्सवर जुन्या कबरींच्या इमारती आहेत आणि मोर हिंडतात. आपल्याला जवळचं म्हणजे पुणे. तिथला येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स जुन्या झाडीतला आहे. पार्कलँड कसा दिसतो ते बघायचं असेल तर कोल्हापूरहून साधारण २३० किलोमीटरवर तो आहे.

होल अठराच का?

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या कोर्समुळे. तिथे आधी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले, तेच जाता-येता खेळायचे असल्यामुळे फेरी अठराची झाली आणि पुढे सगळ्यांनी ती उचलली. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, तोही १८९१ पासून ठरलेला आहे.

जागा किती लागते? चालावं किती लागतं?

अठरा होलच्या कोर्सला साधारण सव्वाशे ते दीडशे एकर. एका फेरीत आठ-दहा किलोमीटर चालणं होतं आणि चौघांच्या गटाला चार ते साडेचार तास लागतात. जोतिबाच्या वाटेने पायी जाणाऱ्या माणसाला हे काही जड नाही.

पार, बर्डी, बोगी हे काय असतं?

चांगल्या खेळाडूने एखादा होल किती फटक्यांत संपवावा याचा आकडा म्हणजे पार. होल लांबीप्रमाणे पार ३, ४ किंवा ५ चे असतात आणि अठराची बेरीज बहुतेक ७० ते ७२ होते. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. नवख्याने पार मनातून काढून टाकावा. प्रत्येक होलला पारपेक्षा दोन फटके जास्त लागले तरी पहिल्या वर्षी तो चांगला खेळ.

ते हिरवं गवत कुठलं असतं? आपली हरळीच दिसते की!

हरळीच आहे. बाहेर तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीही हीच. उसाच्या रानात हरळी शिरली की शेतकऱ्याची झोप उडते, कारण ती जमिनीवरूनही पळते आणि जमिनीखालूनही, कितीही खुरपली तरी पुन्हा फुटते. याच गुणामुळे गोल्फ कोर्सवर तिला मान आहे. वरचं गवत रोज कापलं, माणसं तुडवून गेली, फटक्याने ढेकूळ उडालं, तरी ती आठ-पंधरा दिवसांत जागा भरून काढते.

ग्रीनवर, म्हणजे जिथे होल असतो त्या गुळगुळीत भागावर, मात्र साधी हरळी चालत नाही. तिचा आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका जातीशी संकर करून बारीक पात्याचे वाण काढले आहेत. हे वाण बी धरत नाहीत, त्यामुळे उसासारखी त्यांचीही लावण कांडीनेच करावी लागते. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, फेअरवेवरचं, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावरचं, साधारण दहा ते पंधरावर, आणि कडेच्या रफमध्ये ते चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढू देतात.

हरळीला सावली सोसत नाही. बांधावरच्या झाडाच्या सावलीत पीक पिवळं पडतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, तसंच इथेही आहे. म्हणून ग्रीनच्या पूर्वेला दाट झाड लावलं की सकाळचं ऊन अडतं आणि दोन-तीन वर्षांत ग्रीन विरळ व्हायला लागतं. मग क्लबमध्ये भांडण जुंपतं : झाड ठेवायचं की ग्रीन? माझं मत स्पष्ट आहे. झाड आधीपासून असेल तर ग्रीन दुसरीकडे आखावं. झाड नंतर चुकीच्या जागी लावलेलं असेल तर फांद्या विरळ कराव्यात. वडा-पिंपळाला हात लावायचा नाही.

आपल्या मातीत आणि आपल्या पावसात असं मैदान टिकतं का?

टिकतं, पण खाली काय घातलंय त्यावर सगळं आहे. नदीकाठची आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर तसंच ग्रीन केलं तर जुलैत चिखल आणि मे महिन्यात टणक ढेकूळ. म्हणून ग्रीनखाली मूळ माती काढून तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर साधारण १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर घालतात. पश्चिमेकडे गेलं की तांबडी जांभ्याची जमीन लागते. तिथे निचरा चांगला होतो, पण पाऊसही तसाच. गगनबावड्याचा पाऊस डोळ्यासमोर आणा, म्हणजे तिकडे जून ते सप्टेंबर खेळ विसरावा लागेल हे कळेल. शहराच्या पूर्वेला पाऊस उतरत जातो आणि त्या पट्ट्यात पावसाळ्यातही उघडीप बघून खेळता येईल.

पावसाळ्यात खेळणाऱ्याला नियम साथ देतात. साचलेल्या पाण्यात चेंडू गेला किंवा उभं राहायच्या जागी पाणी असेल, तर दंड (म्हणजे मोजणीत धरला जाणारा जादा फटका) न घेता जवळच्या कोरड्या जागी चेंडू हातातून सोडता येतो. ग्रीन, बंकर (वाळूचे खड्डे) आणि कायमचं पाणी सोडून इतर भागात चेंडू स्वतःच्या धक्क्याने मातीत रुतला तरीही तसंच.

विजांचं काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक तो सगळ्यात कमी विचारतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तेव्हा उघड्या मैदानात हातात लोखंडी दांडा घेऊन उभं राहण्यासारखा धोका नाही. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवायचा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. झाडाखाली आडोसा घेऊ नका, छत्री उघडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. स्पर्धेतही विजेचा धोका वाटला तर खेळाडूने स्वतःहून थांबणं नियमात बसतं. “एवढा एक होल संपवू या” म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

चेंडू झाडांत गेला तर काय करायचं?

पार्कलँडवरचा खरा खेळ इथे सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी चेंडूजवळ जाऊन उभं राहा आणि मागे वळून बघा. मागे बघायचं, कारण सगळ्यांची नजर पुढे होलकडे जाते आणि दोन बुंध्यांमधली चिंचोळी फट दिसायला लागते. त्या फटीतून मारायचा मोह होतो. चेंडू बुंध्यावर आपटतो आणि होता त्यापेक्षा आत जातो. मोकळी वाट बहुतेक वेळा बाजूला किंवा तिरकी मागे असते. एक फटका खर्चून फेअरवेवर यायचं, तिथून पुढे खेळायचं. आकडा वाचतो तो असाच.

फटका असा : पाच किंवा सहा नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची काठी, घ्या. ग्रिप थोडी खाली धरा. चेंडू दोन पायांच्या मधोमध न ठेवता मागच्या पायाच्या बाजूला ठेवा आणि वजन पुढच्या पायावर घ्या. हात चेंडूच्या पुढे राहिले पाहिजेत. काठी मागे अर्धीच न्या आणि मारल्यावरही कमरेच्या उंचीवर थांबवा. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीने सुटतो, फांद्यांच्या खालून जातो आणि फेअरवेवर पळतो. मारण्याआधी एकदा नुसती काठी फिरवून मागची फांदी लागते का ते पाहा. फांदीला काठी लागली तर पानंसुद्धा झडू देऊ नका, कारण फटक्याची वाट सोपी करण्यासाठी वाढती फांदी मोडणं, वाकवून अडकवणं किंवा तुडवून बसणं याला दंड आहे. जमिनीवर पडलेला पाला, काटक्या, दगड मात्र उचलून बाजूला करता येतात. चेंडू हलला नाही म्हणजे झालं. २०१९ पासून बंकरमधलाही पाला काढता येतो.

वडाच्या पारंब्यांत किंवा करवंदीच्या जाळीत चेंडू अडकला आणि काठीच फिरत नसेल, तर खेळता येत नाही असं सांगून एका फटक्याचा दंड घ्या. मग तीन वाटा आहेत : आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं, होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत हवं तितकं मागे जायचं, किंवा चेंडूपासून दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, बाजूला चेंडू सोडायचा. तिसरी वाट बरी वाटते, पण दोन काठ्यांनी जाळीबाहेर पडता येतंय का ते आधी मोजा.

चेंडू किती वेळ शोधायचा?

तीन मिनिटं. पूर्वी पाच होती, २०१९ मध्ये कमी केली. नाही सापडला तर एका फटक्याचा दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा. म्हणून चेंडू झाडीत गेल्याचा संशय आला की पुढे निघण्याआधीच, तसं सांगून, दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवावा.

साप निघतात का? मधमाश्या?

ओढा, झाडी आणि उंदीर आहेत तिथे साप असणारच. चेंडू साप किंवा मोहोळ यांच्याजवळ पडला तर दंड न घेता सुरक्षित जागी चेंडू सोडायची मुभा नियमात स्पष्ट आहे. बिळात हात घालू नका, हे वेगळं सांगायला नको. कुत्र्याने किंवा माकडाने थांबलेला चेंडू पळवला तर दंड नाही, होता तिथे चेंडू ठेवायचा.

टिटवीचं मात्र खास सांगतो. उन्हाळ्यात ती उघड्यावर, खडे-मातीत घरटं करते. साधारण चार अंडी असतात, मातकट रंगाची, वर काळपट ठिपके, टोकं आतल्या बाजूला. हातभरावर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की पाय उचलण्याआधी खाली बघा. क्लबच्या समितीला तेवढा भाग खेळासाठी बंद ठरवता येतो. चार दगड आणि एक दोरी लावली की काम होतं. हे करत नाहीत त्या कोर्सबद्दल माझं मत चांगलं होत नाही.

कॅडी घ्यायलाच हवा का?

कॅडी म्हणजे बॅग उचलून सोबत चालणारा माणूस. मिळत असेल तर नवख्याने जरूर घ्यावा. चेंडू कुठे पडला, ग्रीनचा उतार कुठे आहे, कुठल्या झाडापासून किती यार्ड राहिले, हे त्याला पाठ असतं. त्याला “दादा” किंवा “मामा” म्हणा, ठरलेले पैसे हातात द्या, चहा सोबत घ्या. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. ती १९९१ मध्ये जिंकून असं करणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले ते अली शेर, आणि त्यांची सुरुवात कॅडी म्हणूनच झाली होती. बॅग उचलणारा माणूस आपल्यापेक्षा चांगला खेळत असण्याची शक्यता दांडगी असते.

हा पैसेवाल्यांचाच खेळ ना?

भारतात बहुतांशी तसा झाला आहे, आणि ते मला खुपतं. जिथे हा खेळ वाढला त्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावची माणसं पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. आपल्या शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तेही कुस्ती हजारोंना बघता यावी म्हणून. खेळाला राजाश्रय आणि मैदान लोकांचं, ही कोल्हापूरची रीत आहे. गोल्फलाही तीच लागू व्हायला हवी : भिंतीआडच्या अठरा होलपेक्षा सगळ्यांना उघडे असलेले नऊ होल बरे.

मग कोल्हापूरजवळ नवा कोर्स व्हावा का?

पाण्याचा हिशेब मांडून मगच बोलावं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. भर उन्हाळ्यात हरळीला आठवड्याला २५ मिलिमीटर धरा, म्हणजे हेक्टरी अडीच लाख लिटर. पाणी द्यायचं क्षेत्र २० हेक्टर असेल तर आठवड्याला ५० लाख लिटर. हे पाणी नदीतून किंवा धरणातून उचलायला माझा साफ विरोध आहे. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं ते शेतीच्या पाण्यासाठी. शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते गवताला देता येतं, जगात अनेक कोर्स तसंच करतात. ते पाणी पंचगंगेत जायचं थांबलं तर नदीवरही उपकार होतील.

बागायती जमीन तर घेऊच नये. माळ घेतानाही तो पडीक आहे असं धरून चालू नये. चंडोल, टिटव्या आणि धनगरांच्या मेंढ्या तिथेच जगतात. त्यातूनही कोर्स झालाच, तर आंबा, जांभूळ, करंज, बहावा, ताम्हण अशी इथली झाडं लावावीत. जांभूळ ग्रीनपासून लांब हवं, पिकलेली जांभळं पडून चिकटा होतो. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, तो रस्त्याच्या कडेला नको. सुबाभूळ आणि निलगिरी नकोतच.

हँडिकॅप कशासाठी?

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. कच्च्या आणि पक्क्या खेळाडूला बरोबरीने खेळता यावं म्हणून ती असते. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे : शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या ८ घ्यायच्या आणि त्यांच्या सरासरीवरून आकडा काढायचा. जास्तीत जास्त ५४. बाप आणि बारा वर्षांची मुलगी चुरशीने खेळू शकतात असे खेळ थोडेच आहेत.

मुलामुलींना यात पुढे काही आहे का?

२०१६ पासून गोल्फ पुन्हा ऑलिम्पिकमध्ये आहे. टोकियोत अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे नेमबाज दिले, तिथल्या पोरांना श्वास आवरून एका बिंदूवर मन लावायला कुणी शिकवायची गरज नाही. कमी आहे ती मैदानाची.

कोल्हापुरी घालून खेळता येईल?

नाही. कातडी तळ ओल्या गवतावर घसरतो आणि स्विंगमध्ये घोटा मुरगळतो. पकड असलेले बूट घाला. बहुतेक क्लब कॉलरचा शर्टही मागतात, आधी फोन करून विचारा.

सुरुवातीला सामान किती घ्यावं?

बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात, पण शिकताना पाच-सहा पुरतात : लांबच्या फटक्याला एक हायब्रिड, सहा आणि आठ नंबरची आयर्न, जवळून चेंडू उंच उचलायला पिचिंग वेज, वाळूतून काढायला सँड वेज, ग्रीनवर चेंडू घरंगळवायला पटर. वापरलेल्याच घ्या. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, सहा महिने विसरा. पैसे वाचवून तेवढे धडे एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे घ्या.

ग्रीनवर चेंडू पडून खड्डा पडला तर कुणी बुजवायचा?

ज्याचा चेंडू त्याने, लगेच. त्यासाठी छोटा काटा खिशात ठेवा. तो खड्ड्याच्या कडेला तिरका खुपसायचा आणि गवत आतल्या बाजूला, मध्याकडे ढकलायचं, चारही बाजूंनी. मधली माती वर उचकटायची नाही, तसं केलं की मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग पडतो. शेवटी पटरच्या तळाने हलकं दाबायचं. नीट बुजवलेली जागा लवकर भरते. तशीच सोडली तर भरायला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर मागून येणाऱ्या प्रत्येकाचा पट (पटरने मारलेला फटका) त्यावरून वाकडा जातो. दुसऱ्याने सोडलेला एखादा खड्डा दिसला तर तोही बुजवून टाका.